बॉयलर बदलला

वाफेच्या इंजिनाची लहान प्रतिकृती माणसं दोन हेतूंनी करतात. एक बघण्यासाठी, दुसरी चालवण्यासाठी. बघण्यासाठी करायची तर लाकूड, पत्रा, प्लॅस्टिक काहीही चालतं. रंग नीट बसला, रिव्हेटांची डोकी मोजून लावली, की पाहणारा खूश. चालवण्यासाठी करायची, आणि तीही खऱ्या विस्तवावर, तर तांबं, बीड आणि गनमेटल लागतं, आणि आतल्या कामाचा खरेपणा लागतो. बाहेरून न दिसणारी चूक डोळा माफ करतो. वाफ करत नाही. ती आतून प्रत्येक सांध्याची परीक्षा घेते आणि नापास झालेल्याचं नाव चारचौघांत जाहीर करते.

लहान आगगाडीचं वेड मराठी माणसाला नवं नाही. ग्वाल्हेरच्या जयविलास महालात शिंद्यांच्या जेवणाच्या टेबलावर चांदीची गाडी आहे. मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन ती पाहुण्यांपुढून फिरायची, आणि सुरई उचलली की जागच्या जागी थांबायची. इंग्लंडमधल्या नॉर्थॅम्प्टनच्या बॅसेट-लोक कंपनीने ती केली, असं सांगतात. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. १ एप्रिल १९९८ला ते लोकांसाठी उघडलं, आणि सिग्नल, पूल, रस्ते, दिवे यांच्यासकट एक अख्खं शहर तिथे गाड्यांभोवती वसवलेलं आहे. दोन्ही विजेवर चालतात, आणि दोन्ही पुरी झालेली आहेत. पुऱ्या झालेल्या वस्तूसमोर आपण फक्त पाहुणे असतो. अर्धवट वस्तू लगेच काम सांगते.

माझ्याकडे आलेलं इंजिन असं काम सांगणारं होतं. माझे मामा पूर्णेच्या लोको शेडमध्ये फिटर होते. मीटरगेजच्या काळात मराठवाड्यात पूर्णा म्हणजे इंजिनांचं गाव. नोकरीतली शेवटची वर्षं आणि निवृत्तीनंतरची बरीच वर्षं मामा एका वायपी इंजिनाची प्रतिकृती करत होते. ते गेले तेव्हा ती पत्र्याच्या पेटीत तुकड्या-तुकड्यांनी पडून होती. मामी म्हणाल्या, "तुझ्याकडं लेथ हाय ना रे? मग ने बाबा. न्हाईतर भंगारवाला किलोनं मागायलाय." मी आदिलाबादला आयटीआयमध्ये टर्नरच्या पोरांना शिकवायचो. निवृत्तीनंतर घरामागच्या पडवीत एक छोटा लेथ टाकला होता, त्यावर सरकीच्या हंगामात जिनिंगवाल्यांची सटरफटर कामं यायची. पेटी किनवटमार्गे पॅसेंजरने आदिलाबादला आली. हमालाने उचलताना विचारलं, "सार, यात लोखंड भरलंय का?" भरलेलं होतंच.

वायपीबद्दल थोडं सांगायला हवं. भारतीय रेल्वेच्या खुणेत वाय म्हणजे मीटरगेज आणि पी म्हणजे पॅसेंजर. पुढे चार लहान चाकं, मध्ये सहा मोठी, मागे दोन, अशी तिची मांडणी. पहिली वीस इंजिनं अमेरिकेतल्या बाल्डविन कारखान्यातून आली. पुढे ब्रिटनमध्ये आणि जर्मनीत बनली, आणि सगळ्यात जास्त जमशेदपूरच्या टेल्कोत. सगळी मिळून ८७१. मोठ्या चाकाचा व्यास साडेचार फूट, सिलिंडरातल्या पिस्टनची धाव दोन फूट. मामांनी प्रमाण निवडलं ते सोळास एक. म्हणजे खऱ्या इंजिनाचा एक फूट त्यांच्याकडे पाऊण इंच. चाक तीन इंच तीन सूत, पिस्टनची धाव दीड इंच, आणि दोन रुळांमधलं अंतर अडीच इंचाला किंचित कमी. इंचाची आठ सुतं करणाऱ्या माणसाला हे प्रमाण किती सोयीचं आहे ते वर्कशॉपमधल्या कुणालाही कळेल. कोष्टकाची गरज नाही, बोटांवर हिशेब होतो.

मापं त्यांनी पुस्तकातून घेतली नव्हती. बॉयलर धुण्यासाठी इंजिन शेडमध्ये थंड उभं असायचं, त्या वेळी टेप लावून, वाकून, कधी खाली खड्ड्यात उतरून ती घेतलेली होती. रद्द फॉर्मांच्या कोऱ्या पाठीवर शिसपेन्सिलने चित्रं, बाजूला फूट-इंच, त्याखाली सोळाने भागलेलं उत्तर. एका कागदावर तेलाचा अंगठा उमटलेला. या कागदांत सगळं इंजिन होतं. पेटीत मात्र त्यातलं निम्मंच. फ्रेम, सहाही मोठी चाकं, दोन सिलिंडर, व्हॉल्व्ह हलवणारी दांड्यांची यंत्रणा आणि एक बॉयलर. टेंडर नाही, पुढची लहान चाकं नाहीत, धुराची पेटी नाही, पाण्याचा पंप नाही.

अर्धवट काम हातात घेतलेल्या माणसाने पहिल्यांदा काहीच करू नये. नुसतं वाचावं. मी पोरांना नवं काम शिकवत आलो. दुसऱ्याचं काम वाचायचं कसं हे शिकवायला अभ्यासक्रमात तास नसतो. फ्रेमच्या पट्ट्यांवर कानशीच्या रेषा बारीक, एका दिशेने, कडा अशा की नखाला कुठे अडखळायला होत नाही. चाकांचे आरे एकेक करून घासलेले. कपलिंग रॉडवर मात्र ओरखडे रुंद, भोकांच्या कडांना बर तशीच. एकाच माणसाचं काम, पण मधे वर्षं गेली होती. आधी काय केलं आणि नंतर काय, हे कागदांवर तारखा नसल्या तरी धातूवरून लावता येत होतं. डोळे कमी होत गेले, हात घाई करू लागला, तसतशी कानस बदलत गेली.

चाकांचे लाकडी पॅटर्नही पेटीत होते. सागवानी, लाख लावलेले. पहिल्यांदा मोजले तेव्हा माप मोठं आलं, आणि क्षणभर वाटलं, मामा चुकले. पण ओतलेलं बीड थंड होताना आकसतं, फुटाला साधारण एक सूत. वर लेथवर छिलायला माल ठेवावा लागतो. दोन्ही धरून मापं बरोबर बसली. इथे आमच्या जिल्ह्याच्या जवळच, जैनूरकडच्या उशेगावात, ओझा कारागीर मेणाचा साचा करून पितळ ओततात. आदिलाबादच्या त्या डोक्रा कामाला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांच्या पद्धतीत मेण वितळून जातं आणि मातीचा साचा फोडावा लागतो, त्यामुळे एका साच्यातून एकच वस्तू निघते. पॅटर्नची रीत उलटी आहे. पॅटर्न शिल्लक राहतो, आणि त्याच्यावरून कितीही चाकं ओतता येतात. मामांनी पॅटर्न जपून ठेवले होते. त्याचा अर्थ मी असा घेतला की हे काम आपल्यानंतरही कुणी उघडेल, एखादं चाक फुटलं तर पुन्हा ओतेल, याची त्यांना कल्पना होती.

आट्यांचा प्रश्न पहिल्याच आठवड्यात आला. मामांचे सगळे बोल्ट इंची, व्हिटवर्थ आट्यांचे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्याचा कोन ५५ अंश ठरवला, आणि ब्रिटिशांचं राज्य जिथे जिथे होतं तिथे तो गेला. आपल्याकडे वजनमापांचा दशमान कायदा १९५६ साली झाला. माझी सगळी नोकरी मेट्रिक आट्यांवर गेली, आणि तिथे कोन ६० अंश. आदिलाबादच्या हार्डवेअर दुकानात आज मागाल तो एम-थ्री, एम-फोर बोल्ट मिळेल. पाऊण सुताचा व्हिटवर्थ टॅप मागितला तर दुकानदार मालकाला बोलावतो. दोन्ही आटे दिसायला जवळजवळ सारखे असतात. एकाचा बोल्ट दुसऱ्याच्या नटात दोन फेरे जातोसुद्धा, आणि मग अडकतो. जोर लावला तर दोन्ही बिघडतात. सगळं उकलून मेट्रिक करावं, हा सरळ मार्ग होता. पण प्रत्येक भोक वाढवावं लागलं असतं, आणि फ्रेमच्या पट्ट्या आधीच बारीक. मग एक सीमा आखली. धुराच्या पेटीमागचं, मामांनी केलेलं, ते इंची राहील. नवीन जे होईल ते मेट्रिक. आणि कुठला बोल्ट कुठल्या घराण्यातला ते वहीत लिहून ठेवायचं. आमच्या जिल्ह्याला हे नवीन नाही. घरात मराठी, बाजारात तेलुगू, जुन्या कागदांत उर्दू, आठवडी बाजारात गोंडी आणि कोलामी. सगळ्यांना एका मापात बसवण्यापेक्षा कुठे काय चालतं ते माहीत असणं बरं.

कपलिंग रॉड लावले तेव्हा चाकं एका जागी येऊन अडायची. दोन सिलिंडरच्या इंजिनात डावा आणि उजवा क्रँक एकमेकांशी काटकोनात ठेवतात, म्हणजे एक पिस्टन टोकाला जाऊन अडला तरी दुसरा मध्यावर असतो आणि इंजिन कुठूनही सुटतं. तीन जोड्या असतील तर तिन्ही आसांवर हा काटकोन तंतोतंत सारखा लागतो, नाहीतर रॉड चाकांशी भांडतात. इथे तिसऱ्या आसाचा कोन थोडा हललेला होता. मामांना ते कळलं होतं, कारण त्या चाकाजवळच्या रॉडचं भोक त्यांनी किंचित मोठं करून ठेवलं होतं. शेडमधल्या फिटरने खऱ्या इंजिनावर असं कधीच केलं नसतं. पण रात्री एका दिव्याखाली, थरथरत्या हाताने, प्रेसफिट बसलेलं चाक आसावरून पुन्हा काढायचं कसं? त्यांनी चालवून घेतलं. मी माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या वर्कशॉपमधल्या प्रेसवर चाक काढलं, कोन पुन्हा लावला, आणि रॉडच्या मोठ्या भोकात गनमेटलचा बुश बसवला. रॉड बदलला नाही. मामांच्या मूळ मापावर तो परत आला, एवढंच.

इथपर्यंतचं काम दुरुस्तीचं होतं, आणि त्याबद्दल घरात कुणाला काही वाटलं नाही. पंचाईत झाली बॉयलरची.

तो दिसायला देखणा होता. तांब्याची नळी, पुढेमागे पत्रे, कडेने अगदी समान अंतरावर रिव्हेट, आणि सगळे सांधे कथलाच्या डागाने भरलेले. मामांकडे रॉकेलचा ब्लोलॅम्प होता. तांबं उष्णता झरझर ओढून घेतं, एवढा मोठा तुकडा त्या दिव्यावर लालही होत नाही. चांदीचा डाग वितळायला साडेसहाशे अंशांच्या आसपास जावं लागतं. कथील आणि शिसं दोनशे अंशांच्या अलीकडेच पातळ होऊ लागतं. आता गणित असं की ८० पौंडांच्या दाबाला वाफेचं तापमान १६० अंशांच्या घरात असतं. पाणी भट्टीच्या छतावर उभं आहे तोवर ठीक. पाणी उतरलं, छत उघडं पडलं, की डाग जातो, आणि डाग गेला की बॉयलर जातो. समोर कोण बसलं आहे ते तो बघत नाही.

दुसरी गोष्ट जास्त अवघड होती, कारण ती मामांच्या निष्ठेतून आली होती. खऱ्या वायपीच्या बॉयलरात भट्टीपासून धुराच्या पेटीपर्यंत सुमारे दोन इंची नळ्यांचा जुडगा असतो. मामांनी त्याही सोळाने भागल्या होत्या. एक सूत व्यासाच्या बारीक नळ्या, गच्च रांगेत. काम इतकं सुबक की पाहत राहावं, आणि त्या नळ्यांतून धूर ओढला जाणं अशक्य. पहिल्याच राखेत त्या तुंबल्या असत्या. लांबी सोळावा हिस्सा झाली की क्षेत्रफळ २५६वा हिस्सा होतं आणि घनफळ ४०९६वा. पाणी फार कमी आणि त्याला थंड करणारा पृष्ठभाग त्या मानाने खूप जास्त. कोळशाचा खडा, राखेचा कण, पाण्याचा थेंब यांना सोळाने भागता येत नाही. ते आपल्या मूळ आकाराचे राहतात. म्हणून छोट्या बॉयलरात नळ्या थोड्या आणि जाड ठेवाव्या लागतात. प्रतिकृती जिथे सर्वांत इमानी होती, तिथेच ती चालणार नव्हती.

हा वाद शंभर वर्षांपूर्वी इंग्लंडात होऊन गेलेला आहे. तिथे १८९८ साली 'मॉडेल इंजिनिअर' नावाचं नियतकालिक सुरू झालं. त्यात एलबीएससी या टोपणनावाने एक माणूस लिहायचा. लंडन, ब्रायटन अँड साउथ कोस्ट या रेल्वेची ती आद्याक्षरं. एवढ्या लहान इंजिनात कोळशाची भट्टी चालायची नाही, स्पिरिटचा दिवाच बरा, असं तेव्हा बरेच जण मानत. १९२०च्या दशकात याने अडीच इंची गेजवर, म्हणजे जवळजवळ मामांच्याच मापाचं, 'आयेशा' नावाचं कोळशावरचं इंजिन केलं, बॅसेट-लोकच्या इंजिनाशी स्पर्धा केली आणि मागे मोठी माणसं बसवून ओढून दाखवली. ग्वाल्हेरच्या चांदीच्या गाडीशी जिचं नाव जोडलेलं, तीच ही कंपनी. आयेशाचा बॉयलर खऱ्या इंजिनाच्या बॉयलरची नक्कल नव्हता. बाहेरून साम्य, आत आपली स्वतःची बुद्धी. मामांच्या कागदांत या माणसाचा उल्लेख कुठेच नाही. त्यांच्यापर्यंत तो पोचला असता तर पेटीतला बॉयलर वेगळा निघाला असता, असं मला फार वाटतं.

मी मामेभावाला फोन करून सांगितलं की बॉयलर नवा करावा लागेल. तो थोडा वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "दादा, बाबांचा बॉयलरच काढून टाकला तर त्यात बाबांचं राहतंय काय? तसंच शोकेसमधी ठिवू की." त्याचं दुःख खरं होतं. काचेत ठेवलं असतं तर कुणाला काही कळलं नसतं, आणि मामांचं सगळं काम जसंच्या तसं राहिलं असतं.

पण मामा आयुष्यभर ज्या शेडमध्ये राबले, तिथला कायदा मला आठवत होता. तिथे रोज सकाळी दुसऱ्याने केलेलं काम हातात यायचं. रात्रीच्या ड्रायव्हरने नोंदवहीत तक्रार लिहिलेली असायची. आदल्या पाळीच्या फिटरने अर्धं उकललेलं असायचं. मामा हातोडी घेऊन भट्टीच्या बोल्टांवर एकेक टोला मारत जायचे. धड बोल्ट खणखणतो, तुटलेला बद्द वाजतो. बोल्ट कुणी बसवला हे त्यात कुणी विचारत नसे. आणि मोठ्या दुरुस्तीला इंजिन कारखान्यात गेलं की त्याचा बॉयलर उतरवून त्याच जातीच्या इंजिनाचा दुरुस्त होऊन तयार असलेला दुसरा बॉयलर वर चढवायचे, म्हणजे इंजिन अडकून पडत नसे. बॉयलर बदलला तरी इंजिन तेच. नंबर तोच, नाव तेच. रेल्वेच्या हिशेबात इंजिनाची ओळख फ्रेमशी बांधलेली असते, बॉयलरशी नाही.

मी मामेभावाला हेच सांगितलं. बाबांची फ्रेम आहे, चाकं आहेत, सिलिंडर आहेत. दाब ज्याच्यावर येतो ती गोष्ट तपासायची आणि गरज पडली तर बदलायची, ही बाबांचीच शिकवण. त्यांच्या कामाला हातोडी न लावता काचेत ठेवलं तर बाकीच्यांसाठी ते जसे फिटर होते तसे आपण त्यांच्यासाठी होणार नाही. तो म्हणाला, "बरं. पन जुना मला दे." जुना बॉयलर आज त्याच्या घरी आहे.

आमच्या गावच्या रेल्वेचीही गोष्ट यापेक्षा फार वेगळी नाही. निजामाच्या मुलखातली मीटरगेज मुदखेडहून निघायची. भोकर, हिमायतनगर, सहस्रकुंड, किनवट करत ती आदिलाबादला यायची आणि इथे संपायची. पुढे पैनगंगा, नदीपलीकडे यवतमाळ जिल्हा, पिंपळखुटी, वणी, माजरी, आणि तिथून नागपूर-दिल्लीची मोठी लाइन. मधला तुकडा राहिलेला. आमच्या लहानपणी उत्तरेला जायचं म्हणजे उलटं दक्षिणेला जाऊन वळसा घ्यायचा नाहीतर एसटी धरायची. तो तुकडा पुढच्या पिढ्यांनी जोडला, आणि जोडताना आधीच्यांचं माप बदलून टाकलं. आता सगळं ब्रॉडगेज आहे. नंदीग्राम एक्स्प्रेसने आदिलाबादला बसलं की मुंबईला उतरता येतं. स्टेशनं तिथेच आहेत, वळणं बरीचशी तीच, डोंगराच्या कडेची वाट जुन्या सर्व्हेवाल्यांनी शोधलेली. रूळ मात्र एकही जुना नाही. मीटरगेज गेली म्हणून हळहळणारी माणसं आमच्याकडे आहेत, मीही त्यातला. पण वाट कुणी काढून दिली ती शिल्लक आहे, आणि वाटेवरून ओझं वाहणारं जे होतं ते काळाप्रमाणे बदललं. यात जुन्यांचा अपमान मला दिसत नाही. मुदखेडच्या मीटरगेजच्या सन्मानार्थ पिंपळखुटीचा तुकडा जोडायचाच नाही, असं कुणी म्हटलं असतं तर तो अपमान झाला असता.

नवा बॉयलर जड तांब्याच्या चार इंची नळीचा केला. पुढेमागे लागणारे पत्रे लोखंडी ठोकळ्यावर ठोकून वळवले. तांबं ठोकत गेलं की ताठर होत जातं, म्हणून मधेमधे लाल करून पाण्यात बुडवून पुन्हा मऊ करायचं. नळ्या थोड्या आणि जाड. सांधे चांदीच्या डागाचे, आणि तेही टप्प्याटप्प्याने. आधी जास्त तापमानाला वितळणारी मिश्रधातू, नंतरच्या सांध्यांना कमी तापमानाची, म्हणजे दुसरा सांधा तापवताना पहिला सुटत नाही. दोन गॅस बर्नर, एक माझ्या हातात, एक विद्यार्थ्याच्या. वैशाखात आदिलाबादला हे काम करू नये. आम्ही माघात केलं. डाग पळायला लागतो तो क्षण फार छोटा असतो. चांदी एकाएकी पाण्यासारखी होते, सांध्यात शिरते, आणि पलीकडून तिची बारीक चकाकती रेघ दिसते. ती रेघ सगळीकडून अखंड दिसली तरच ते काम झालं असं म्हणायचं.

बॉयलरचा कायदा आपल्याकडे २०२५ पर्यंत १९२३ सालचाच होता. पण पंचवीस लिटरच्या आतल्या भांड्यांना तो लावत नसत, आणि माझ्या बॉयलरात पाणी मावतं दोन लिटरच्या आसपास. म्हणजे तपासनीस येणार नव्हता, प्रमाणपत्र मिळणार नव्हतं. ज्या कामावर सरकारी डोळा नाही त्यावर आपला डोळा दुप्पट हवा. वाफ भरण्याआधी थंड पाण्याची चाचणी घेतली. सगळी छिद्रं बंद करून, आत काठोकाठ पाणी भरून, प्लंबर पाइपलाइन तपासायला वापरतात त्या हातपंपाने दाब चालवायच्या दाबाच्या दुप्पट, म्हणजे १६० पौंडांवर नेला. पाणी दाबलं जात नाही. त्यामुळे सांधा गेलाच तर नुसतं ठिबकतं, फुटत नाही. वाफेत किंवा हवेत साठलेली ताकद स्फोटासारखी बाहेर येते, म्हणून पहिली चाचणी कायम पाण्याचीच. काटा चढला आणि चढलेलाच राहिला. कागदाने सगळे सांधे पुसून पाहिले, कागद कोरडा.

वाफेच्या आधी इंजिन हवेवर चालवून पाहिलं, चौकातल्या पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरवर. इथे मामांच्या कामाचा सगळ्यात चांगला भाग ऐकायला मिळाला. व्हॉल्व्ह हलवणारी दांड्यांची यंत्रणा त्यांनी वाल्शार्टच्या पद्धतीने केली होती. एजीद वाल्शार्ट हा बेल्जियमच्या रेल्वेतला मेकॅनिक, १८४४ सालची ही युक्ती, आणि वाफेच्या अखेरपर्यंत जगभर तीच चालली. वायपीलाही तीच. दोन सिलिंडर, प्रत्येक पिस्टन दोन्ही बाजूंनी ढकलला जाणारा, म्हणून चाकाच्या एका फेऱ्यात चार ठोके. चारही सारखे पडले तर व्हॉल्व्ह बरोबर. एक लंगडा पडला तर कुठे काय बिघडलं ते शेडमधले जुने फिटर फाटकाजवळ उभं राहून सांगायचे. मामांच्या इंजिनाने पहिल्यांदा फेरा घेतला आणि चार ठोके पडले, चारही सारखे. मी त्या यंत्रणेची एकही पिन बदलली नाही. पंक्चरवाल्याने हवेची नळी धरल्या धरल्या विचारलं, "यात कोळसा कुठं घालायचा?" मी सांगितलं, अजून थांब.

कोळशाचाही शोध घ्यावा लागला. पैनगंगेपलीकडे वणीच्या खाणी, इकडे मंचिर्यालला सिंगरेणीच्या. दगडी कोळशाची आमच्याकडे वाण नाही, पण त्यात राख फार. एवढ्याशा भट्टीत ती लगेच दाटते. शेवटी खडे निवडून घेतलेला दगडी कोळसा आणि खाली पेटवायला लोणारी कोळसा, असा मेळ बसला. गच्चीवर पट्टीच्या रुळांची सरळ लाइन टाकली. वाफ साठ पौंडांना आली तेव्हा रेग्युलेटर थोडा उघडला. सिलिंडरातलं गार पाणी आधी फसफसत बाहेर पडलं, मग चाकं जागीच एकदा घसरली आणि मग धरली. मामेभाऊ पूर्णेहून आला होता. लहान ट्रॉलीवर तो बसला आणि इंजिनाने त्याला गच्चीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला नेलं. उतरल्यावर तो मला काही बोलला नाही. इंजिनाजवळ वाकून कपलिंग रॉडवरच्या त्या रुंद ओरखड्यांवरून त्याने बोट फिरवलं आणि म्हणाला, "हे घासून टाकू नकोस, दादा."

मी ते ठेवणारच होतो. ज्या ठिकाणी ओरखडा ताकदीचा प्रश्न होत नाही, तिथे तो राहू द्यावा. पूर्ण करणारा माणूस अशा वेळी सुंदर करायच्या मोहात पडतो. सगळ्या पृष्ठभागांना एकसारखा चकाकता हात दिला की दोन माणसांचं काम एका माणसाचं दिसू लागतं, आणि ते खोटं असतं. ताकदीच्या जागी दया करायची नाही, आणि ताकदीचा प्रश्न नसेल तिथे सुधारणा करायची नाही. या दोन ओळी पाळल्या तर दुसऱ्याच्या कामात आपला हात घालता येतो, असं मला या इंजिनाने शिकवलं. पोरांना शिकवताना मी पहिली ओळ खूपदा सांगितली. दुसरी सांगायचं राहून गेलं.

आता राहिली पाटी. प्रत्येक खऱ्या इंजिनाला बनवणाऱ्याची पाटी असते, कारखान्याचं नाव, नंबर, साल. माझ्या विद्यार्थ्याने पितळी पट्टी आणून दिली आणि म्हणाला, "सार, तुमचं आन् मामांचं, दोघांचंबी नाव टाका." मला ते पटलं नाही. रेल्वेत ज्या कारखान्यात बॉयलर बदलला त्याचं नाव बनवणाऱ्याच्या पाटीवर कुणी कोरत नाही. ते रंगाने बाजूला लिहितात, पीओएच म्हणून, म्हणजे ठरावीक मुदतीची मोठी दुरुस्ती, जिथे झाली त्या कारखान्याची खूण आणि तारीख. पितळेवर मी मामांचं नाव, पूर्णा, आणि त्यांच्या कागदांतलं सगळ्यात जुनं जे साल सापडलं ते कोरलं. खाली कॅबच्या कडेला पांढऱ्या रंगाने, छोट्या अक्षरांत, लिहिलं: पीओएच आदिलाबाद, बॉयलर बदलला, आणि साल.

रेल्वेच्या डब्यांवर त्या तारखेशेजारी आणखी एक तारीख असते, पुढच्या दुरुस्तीला गाडी परत कधी आणायची ती. तीही मी लिहिली. त्या दिवशी बॉयलरात पुन्हा थंड पाणी भरायचं, हातपंप लावायचा आणि काटा टिकतो का ते पाहायचं. माझ्या सांध्यांवरही हातोडी पडलीच पाहिजे.